रोज शाळेत यायलाच हवं का? हजेरीबद्दल पालक विचारतात ते प्रश्न

१५ जूनला शाळा सुरू होते आणि जुलै लागला की वर्गशिक्षकाच्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, कोणी व्हॉट्सॲपवर विचारतं, कोणी मासळी बाजारात गाठतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. जिल्हा परिषदेच्या शाळेतले आणि हायस्कूलचे प्रश्न यात मिसळलेले आहेत, नियम जिथे वेगळा आहे तिथे तसं सांगितलंय.

७५ टक्के हजेरी लागते म्हणतात, म्हणजे नक्की किती दिवस?

दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के लागते. शाळा २२० दिवस भरली असं धरलं तर १६५ दिवस हजर पाहिजे. आता हे ऐकलं की काही पालक लगेच उलटा हिशोब करतात, म्हणजे ५५ दिवस दांडी मारायला परवानगी आहे तर! तसं नाहीये हो. ती शेवटची रेघ आहे, आजारपण, घरातलं काही बरंवाईट, अशा गोष्टींसाठी ठेवलेली जागा आहे ती. जो पोरगा नोव्हेंबरपर्यंत ५० दिवस संपवून बसतो त्याला जानेवारीत कावीळ झाली तर काय करणार?

आठवीपर्यंत नापासच करत नाहीत, मग हजेरीचं एवढं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पहिली गोष्ट, ही माहिती आता जुनी झाली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात आधी आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हतं हे खरं. पण २०१९ मध्ये त्यात बदल झाला आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात राहिला तर पुन्हा एक संधी मिळते, त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं.

दुसरी गोष्ट, पहिली ते आठवीला ७५ टक्के नाहीत म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत असला प्रकार नाही. तिथे कायद्याचा रोख उलटा आहे. मूल रोज शाळेत येतंय की नाही हे बघणं ही सरकारची, स्थानिक प्रशासनाची, शाळेची जबाबदारी धरलेली आहे, आणि मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. म्हणून तर तुमचा मुलगा चार दिवस दिसला नाही की बाई वाडीत चौकशी करत येतात. त्यांना दुसरं काम नाही म्हणून नाही येत त्या.

दोन-चार दिवस बुडले तर काय एवढं बिघडतं? घरी अभ्यास करून घेतो आम्ही.

सलग चार दिवस आजारपणात गेले तर फारसं बिघडत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं की हा नव्हता, बाई त्याला बाजूला घेऊन शिकवतात, मित्राची वही मिळते. बिघडतं ते सुटं सुटं बुडवल्याने. एक सोमवार, मग पुढच्या आठवड्यात बुधवार, मग शनिवार सकाळची शाळा म्हणून झोपच उघडली नाही. हे कोणाच्या लक्षात पण येत नाही, घरच्यांच्या तर नाहीच.

एक उदाहरण देतो, तिसरीतलं. ४०३ वजा १७८. मधे शून्य आहे. तीनातून आठ जात नाहीत, दशकाकडे उसना मागायला जावं तर तिथे काहीच नाही, मग शतकाकडे जायचं, चार शतकांचे तीन राहतात, दशकाच्या घरात दहा येतात, त्यातला एक एककाला दिला की तिथे नऊ उरतात आणि इकडे तेरा होतात. उत्तर २२५. हे समजवायला वर्गात काड्यांचे गठ्ठे घेऊन दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांत जो नव्हता तो काय करतो माहितीये, तो मोठ्यातून लहान वजा करत सुटतो, आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, चारातून एक तीन, आणि उत्तर लिहितो ३७५. आणि त्याला ते बरोबरच वाटतं! घरी आई बघते, वही भरलेली आहे, गणितं सोडवलेली आहेत, अभ्यास झाला. पुढे चौथीत भागाकार येतो, त्यात परत वजाबाकी लागते, पोर अडकतं, आणि मग घरात सुरू होतं की आमच्या पोराचं गणित कच्चंच आहे, आमच्या घराण्यात कोणालाच गणित येत नाही. घराण्याचा काही संबंध नसतो त्यात. दोन दिवस बुडालेले असतात फक्त.

आणि आकड्यातच बघायचं असेल तर महिन्याला फक्त दोन दिवस धरा. दहा महिन्यांचे वीस. पहिली ते दहावी दोनशे. कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला पाहिजे असं म्हटलंय (सहावी ते आठवीला २२०). म्हणजे दहावीला पोचेपर्यंत पोराचं एक अख्खं वर्ष गेलं की, आणि कोणी साधी चौकशी पण केली नाही कारण महिन्याला दोनच दिवस तर होते.

गणपतीत किती दिवस सुट्टी असते? आमच्याकडे एकवीस दिवसांचा गणपती असतो.

आपल्या कोकणात गणपतीची सुट्टी घाटावरच्या शाळांपेक्षा जास्त असते आणि त्या बदल्यात दिवाळीची थोडी कमी होते, हे तुम्हाला माहितीच आहे. वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या आत बसवायच्या असतात, त्यामुळे इकडे वाढवलं की तिकडे कापावं लागतं. यादी जूनमध्येच शाळेत लागते, तिचा फोटो काढून ठेवा.

एकवीस दिवसांचा गणपती असला तरी पोराला एकवीस दिवस घरी ठेवायची गरज नाही. संध्याकाळच्या आरतीला तो असतोच ना, भजनाला पण बसतो, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) असली तर रात्री दोनपर्यंत जागतो आणि खरा प्रॉब्लेम तिथेच आहे, सकाळी उठवत नाही. डबलबारी ऐकू दे, मी नाही म्हणत नाही, मला स्वतःला सोडवत नाही. पण दुसऱ्या दिवशी शनिवार-रविवार असेल तेव्हा ऐकू दे. आणि मुंबईहून चाकरमानी काका आलेत म्हणून सुट्टी संपल्यावर अजून चार दिवस घरी, हे तर नकोच, काका पण परतीच्या गाडीत बसलेले असतात तेव्हा.

शिमगा, जत्रा, लग्न?

गावच्या देवाची पालखी घरी येणार त्या दिवशी पोर घरी पाहिजे, हे आम्ही पण समजतो, बहुतेक शाळा मुख्याध्यापकांच्या अधिकारातली किंवा स्थानिक सुट्टी त्याच दिवशी टाकतात. तुमच्या वाडीची पालखी वेगळ्या दिवशी असेल तर आधी अर्ज द्या. लग्नाला एक दिवस, फार तर दोन. हळदीच्या आधीपासून पूजा होईपर्यंत आठवडा नको.

पावसात आमच्या वाडीतून यायचं म्हणजे पऱ्या (ओढा) ओलांडावा लागतो. पाणी असेल तर काय करायचं?

पाठवू नका. याच्यात दुसरं उत्तर नाही.

पऱ्याला पाणी चढलं असेल, साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) फळ्या हलत असतील, तर हजेरी गेली खड्ड्यात. फक्त एक फोन करा किंवा मेसेज टाका की अमुक वाडीतली पोरं पाण्यामुळे आली नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांनी अतिवृष्टीची सुट्टी जाहीर केली तर तो शाळेचा दिवस धरतच नाहीत त्यामुळे कोणाची गैरहजेरी लागत नाही. पण कधी कधी सुट्टीचा मेसेज येतो सकाळी आठला आणि लांबची पोरं तोपर्यंत रस्त्याला लागलेली असतात, म्हणून रेड अलर्ट असेल त्या सकाळी शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप बघितल्याशिवाय पोराला बाहेर काढू नका. ग्रुपवर कोणीतरी टाकलेला गेल्या वर्षीचा सुट्टीचा कागद फिरत असतो, तारीख वाचा आधी.

दरवर्षी जुलैमध्ये एकाच वाडीतली पोरं आठ-दहा दिवस येऊ शकत नसतील तर तो एकट्या पालकाने सोसायचा विषय नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या मिटिंगमध्ये हजेरीचं रजिस्टर पुढे ठेवून ठराव करा आणि ग्रामपंचायतीला द्या. "पोरांना त्रास होतो" असं नुसतं म्हटल्यापेक्षा कुठल्या तारखांना कुठल्या वाडीतली किती पोरं गैरहजर होती हे कागदावर असलं की साकवाची मागणी वजनदार होते. त्या समितीत तीन चतुर्थांश मेंबर पालकच असतात आणि निम्म्या बायका असायला लागतात, कायद्यातच आहे तसं. पण मिटिंगला येतात किती ते विचारू नका.

भातलावणीला घरात माणूस नाही, आंब्याला पेटी भरायला हात लागतात, रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) पोरगा उपयोगी पडतो. मग?

मजूर मिळत नाही हे मी नाकारत नाही, रोजाचे दर पण माहीत आहेत. आणि पोराने तरवा (भाताची रोपं) काढायला शिकावं, आंबा देठासकट कसा उतरवायचा ते शिकावं, यात वाईट काहीच नाही, उलट आजकालच्या पोरांना ते येत नाही हेच वाईट. कायदा पण घरच्या कामाला मदत करू नका म्हणत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात, धोक्याचं काम नसेल तर, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत करता येते. शाळेच्या वेळात नाही आणि दुसऱ्याकडे रोजावर तर अजिबात नाही.

म्हणून लावणीत रविवार धरा. आंब्याचं जरा कठीण आहे कारण तो मार्च-एप्रिलला जोरात असतो आणि परीक्षा पण तेव्हाच. पेटी संध्याकाळी भरता येते. पहाटे बंदरावर जाऊन मासळी निवडून पोरगं शाळेत येतं, आणि तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपतं, अशी पोरं माझ्या वर्गात असतात. त्यांना मी उठवत नाही. पण ती हजेरी खरी म्हणायची का, हे तुम्हीच ठरवा.

"सर, झिलाक ताप इलो हा." (मुलाला ताप आलाय) असा मेसेज चालतो का?

चालतो. एक-दोन दिवसांसाठी तेवढा पुरे. जास्त दिवस झाले तर अर्ज, आणि दहावी-बारावी असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच वेळी घेऊन शाळेत द्या. फेब्रुवारीत हजेरी कमी भरली म्हणून ऑगस्टच्या तापाचं सर्टिफिकेट आणायला गेलात तर डॉक्टर पण बघत राहतो. खरं कारण असेल तर कमी पडणाऱ्या हजेरीसाठीचा अर्ज शाळेतूनच बोर्डाकडे जातो, रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी ते कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे, रायगडवाल्यांना मुंबई विभाग. पण कागद नसेल तर शाळा पाठवणार काय?

नुसती सर्दी असेल, ताप नसेल, तर पाठवा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. डोळे आले असतील तर घरी. आणि लावणीच्या दिवसात चिखलात वावरलेल्या पोराला ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर घरचा काढा देत बसू नका, सरकारी दवाखान्यात जाऊन लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) विचारा. त्यात दिवस गेले तर गेले, हजेरीचं आपण बघू.

एसटी उशिरा येते, मग अर्धी हजेरी लागते का?

हजेरी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा घेतात. बस लेट झाली तर त्या गाडीची सगळीच पोरं लेट असतात, कोणी गैरहजर मांडत नाही. मात्र बस वेळेवर येऊन पोरं नाक्यावर वडापाव खात उभी असतात तेव्हा आम्हाला ते पण कळतं.

पास काढला नसेल तर काढून घ्या. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटी फुकट आहे, मुलांना साधारण एक तृतीयांश भाडंच भरावं लागतं. आणि चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा सरकारचा निर्णय २०२४ च्या फेब्रुवारीत झालाय, त्यामुळे लहानग्याला अर्धवट झोपेत ओढत आणायचं कारण राहिलेलं नाही.

मुलगी मोठी झाली, चार दिवस घरी ठेवतो.

दर महिन्याला चार म्हणजे वर्षाला चाळीस, आणि ते दहावीपर्यंत. मुलींची हजेरी सातवीनंतर का घसरते याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं, आणि कोणी अर्जात लिहीत नाही, "पोटात दुखत होते" एवढंच लिहितात. दुखत असेल त्या दिवशी राहू दे घरी. पण बाजूला बसायचं म्हणून चार दिवस नको. शाळेत मुलींसाठी वेगळं टॉयलेट, पाणी, पॅड टाकायची सोय आहे का ते मात्र आईने स्वतः येऊन बघावं, नसेल तर भांडावं. ते भांडण रास्त आहे. धाकट्या भावाला सांभाळायला मोठीला घरी ठेवणं, हे पण बंद करा, अंगणवाडी असते गावात.

महिनाभर आला नाही तर नाव कापतात का?

आठवीपर्यंत शाळेला नाव काढून टाकता येत नाही. पण सहा ते चौदा वयाचं मूल सलग एक महिना गैरहजर राहिलं की ते शाळाबाह्य धरलं जातं, भले पटावर नाव असलं तरी. मग शोधाशोध सुरू होते. कातकरी वस्तीतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात, पोरं पण जातात, तेव्हा जाण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, ज्या गावात जाल तिथल्या शाळेत ते दाखवलं की पोराला बसवून घेतात. ते द्यायला कोणी टाळाटाळ केली तर केंद्रप्रमुखांना सांगा. तसंच मुंबईला बिऱ्हाड हलवलं आणि दाखला मिळायला उशीर झाला तरी त्या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

दहावीला क्लास लावलाय, शाळेत फक्त टाइमपास होतो. हजेरी मांडून टाका ना सर.

नाही मांडणार. हजेरीपट ही सरकारी नोंद आहे, आणि खालच्या वर्गांत तर त्याच आकड्यावर खिचडीचा तांदूळ निघतो, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. न आलेल्या पोराला हजर दाखवलं की तो तांदूळ कोणी खाल्ला हा प्रश्न येतो. आज तुमच्यासाठी एक, उद्या दुसऱ्यासाठी.

आता टाइमपासचं. काही तास रिकामे जातात हे खरं आहे, शिक्षक इलेक्शनच्या कामाला, सर्व्हेला, ऑनलाइन माहिती भरायला जुंपलेले असतात. पण क्लासवाले भाषा आणि भूगोल कितपत शिकवतात, प्रॅक्टिकल कुठे घेतात, अंतर्गत मार्क कोण देतं? २०२५ ला दहावीचा कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्यात पहिला, आणि त्यातली कितीतरी पोरं अशा गावातली आहेत जिथे क्लास नावाची गोष्टच नाही. ज्याला खरोखरच शाळेत येणं शक्य नाही, नोकरी करतोय किंवा मधे शिक्षण सुटलंय, त्याच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, तो भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. क्लाससाठी नाही तो.

शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखतं म्हणतो.

रविवारी दुखतं का? नसेल दुखत तर डॉक्टरकडे नंतर जा, आधी वर्गशिक्षकांना भेटा. कोणीतरी चिडवत असेल, वाचता येत नसेल आणि उभं करून वाचायला लावत असतील, कुठल्या तरी शिक्षकांचा हात चालत असेल. मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला कायद्याने बंदी आहे, आमच्यातल्या काही जणांना हे अजून पचलेलं नाही. मुलाला विचारताना "कोण मारतो सांग" असं नका विचारू, "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खाल्लास" असं विचारा, त्यात बरंच बाहेर येतं.

रोज आल्याबद्दल काही मिळतं का?

पहिली ते चौथीच्या ठराविक गटांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता म्हणून हजेरीच्या दिवसाला १ रुपया, १९९२ पासून तेवढाच. त्यात आता गोळी पण येत नाही. शंभर टक्के हजेरीची बक्षिसं काही शाळा देतात, मला वैयक्तिक ती आवडत नाहीत, त्या नादात पोरं ताप घेऊन येऊन बसतात.

आमच्या शाळेत सरच वेळेवर येत नाहीत.

शिक्षकाने नियमित आणि वेळेवर येणं हे त्याच कायद्यात लिहिलंय ज्यात तुमच्या मुलाच्या शाळेबद्दल लिहिलंय. समितीच्या मिटिंगमध्ये विषय काढा, इतिवृत्तात लिहून घ्या. एकशिक्षकी शाळा असेल तर आधी चौकशी करा की सर तालुक्याला मिटिंगला गेलेत की काय, कारण सहा-सात पोरांच्या शाळेतला एकटा माणूस शिपाई पण असतो, क्लार्क पण आणि चार वर्गांचा मास्तर पण.

अर्ज कसा लिहायचा?

साध्या कागदावर, चार ओळीत. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, खरं कारण, खाली तुमची सही आणि मोबाईल नंबर. "घरगुती अडचणीमुळे" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही, काय असेल ते लिहा, आम्ही गावभर सांगत फिरत नाही. शक्यतो जायच्या आधी द्या आणि वर्गशिक्षकांच्या हातात द्या, पोराच्या दप्तरात टाकलेला अर्ज पावसाळ्यात लगदा होऊनच बाहेर येतो.